गरोदरपणातील डॉप्लर: चिठ्ठी, फॉर्म एफ आणि सोबत न्यायची कागदपत्रे

"बाळाची वाढ जरा कमी वाटतेय, डॉप्लर करून घ्या," असं म्हणत डॉक्टरांनी रक्तप्रवाह दाखवणारी ही सोनोग्राफी सांगितली की घरच्यांचा जीव रिपोर्टमध्ये अडकतो. पण पहिली अडचण येते ती सोनोग्राफी केंद्राच्या काउंटरवर. चिठ्ठीवर कारणच लिहिलेलं नसतं, किंवा ओळखपत्र घरी राहिलेलं असतं, आणि नववा महिना लागलेली बाई आल्या पावली परत फिरते. एकेक दिवस मोलाचा असताना हा हेलपाटा पडू नये, म्हणून ही माहिती.

डॉप्लर कोणाला लागतं?

सरसकट प्रत्येकीला नाही. बाळाची वाढ खुंटलेली वाटते, आईचा रक्तदाब वाढलाय, एकाच वारेवर वाढणारी जुळी आहेत, आधीचं बाळ पोटातच दगावलं होतं, किंवा आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असून तिच्या रक्तात प्रतिपिंडं (बाळाच्या रक्तपेशी नष्ट करू शकणारे घटक) सापडली आहेत, अशा वेळी डॉक्टर ही तपासणी सुचवतात. साध्या सोनोग्राफीत बाळाचा आकार कळतो, डॉप्लरमध्ये रक्त कसं वाहतंय ते कळतं. नाळेतल्या धमनीत हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही रक्त पुढे सरकत राहायला हवं. स्क्रीनवर डोंगररांगेसारखा आलेख उमटतो. वार नीट काम करत नसेल तर दोन शिखरांमधली दरी खोल होत जाते, मग तळरेषेला टेकते, आणि फारच बिघडलं तर रेषेच्या खाली उतरते, म्हणजे त्या क्षणी रक्त उलटं वाहत असतं. आरएचच्या बाबतीत बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या धमनीतला वेग मोजतात. तो फार वाढलेला असेल तर बाळाला रक्तक्षय झाल्याची शंका येते, तीही पोटात सुई न घालता.

एवढे कागद का?

कारण तपासणी गरोदर स्त्रीची आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा, आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच आपला स्वतंत्र कायदा केला होता. आजच्या कायद्यानुसार गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीची पूर्ण नोंद केंद्राला ठेवावी लागते. नोंद अपुरी किंवा चुकीची असेल तर केंद्राने कायदा मोडला असंच धरलं जातं, तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी केंद्रावर येते. ही निव्वळ कारकुनी चूक मानता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे काउंटरवरची मुलगी एका तारखेसाठी अडून बसली तर तिच्यावर चिडू नका.

काय न्यावं?

सर्वांत महत्त्वाची डॉक्टरांची चिठ्ठी. तिच्यावर पाठवणाऱ्या डॉक्टरांचं पूर्ण नाव, पत्ता आणि तपासणीचं कारण हवं. फॉर्म एफमध्ये, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या याच नोंदीच्या फॉर्ममध्ये, सोनोग्राफीच्या मान्य कारणांची यादी आहे आणि तिच्यात 'कलर फ्लो मॅपिंग व डुप्लेक्स डॉप्लर' असा वेगळा उल्लेख आहे. तरी नुसतं 'डॉप्लर' असं लिहून आणू नका. वाढ कमी, रक्तदाब, जे असेल ते लिहून घ्या, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नेमकं काय पाहायचं ते कळतं. ही चिठ्ठी केंद्र फॉर्मसोबत जपून ठेवतं, म्हणून आपल्याकडे तिचा फोटो असू द्या. याशिवाय फोटो असलेलं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि आधीचे सगळे सोनोग्राफी रिपोर्ट न्या. पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट तर हवाच, कारण गर्भाचे आठवडे त्यावरूनच पक्के होतात आणि डॉप्लरचे आकडे आठवड्यांनुसार बदलतात.

फॉर्म भरताना

नाव, वय, पत्ता, फोन, शेवटच्या पाळीची तारीख आणि आधीची मुलं-मुली किती, त्यांची वयं काय, हे विचारतात. शेवटच्या प्रश्नाने काही जणी बिचकतात. खरं तेच सांगा, दोन मुली आहेत म्हणून कुणी तपासणी नाकारू शकत नाही. 'मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' या घोषणापत्रावर सही गरोदर स्त्रीचीच लागते, नवऱ्याची किंवा सासूची चालत नाही. लिहिता येत नसेल तर अंगठा, आणि सोबतच्या व्यक्तीने तो ओळखल्याची सही. ही सही तपासणीच्या आधी होते. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला सांगा. लिंग पाहिलं नाही आणि सांगितलं नाही, असं डॉक्टरही लिहून देतात.

आठवड्याने पुन्हा डॉप्लर सांगितलं तर फॉर्मही पुन्हा भरावा लागतो. गरोदरपणात पाय सुजला म्हणून पायाच्या शिरांचं डॉप्लर करायचं असेल तरी आपण गरोदर आहोत हे काउंटरवर आधी सांगा, कारण कायदा गरोदर स्त्रीची सोनोग्राफी म्हणतो, शरीराच्या भागाचा अपवाद करत नाही.

केंद्राचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, ते दिसलं नाही तर विचारा. लिंग सांगण्याची तयारी कुणी दाखवली तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, महापालिका हद्दीत आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. घरच्यांनी लिंग विचारायला भाग पाडलं असेल तर कायदा बाईला नाही, भाग पाडणाऱ्यांना दोषी धरतो.

रिपोर्ट हातात आला की त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना दाखवा, पुढच्या भेटीच्या तारखेची वाट पाहू नका.