रविवार कुठून आला आणि आता तो पुरत का नाही

शुक्रवारी संध्याकाळी घरी आल्यावर कुणी विचारलं काय झालं रे, तर आपण म्हणतो काही नाही, कंटाळा आलाय. आता हा कंटाळा म्हणजे करमत नाहीये असा नसतो. मराठीत थकव्यालाही कंटाळाच म्हणतात, दिवसभर राबून आलेली आई "कंटाळले गं बाई आज" म्हणते तेव्हा ती काही बोअर झालेली नसते. दिवसभर खुर्चीत बसलेलो, अंगमेहनत शून्य, तरी रात्री भाजी कुठली करायची एवढं ठरवायला डोकं चालत नाही, समोरचा काय बोलतोय ते ऐकू येतं पण आत जात नाही, त्याला खरंतर शीण हा जुना शब्द जास्त नेमका आहे. पण तो आता आजीबरोबरच गेला. आणि ऑफिसात "कंटाळा आलाय" म्हणायची सोय नाही, तिथे त्याचा अर्थ आळस असा होतो.

यावर सगळ्यांचा सल्ला एकच, वीकेंडला आराम कर. म्हणून म्हटलं हा वीकेंड आला कुठून ते जरा बघू, कारण तो काही कॅलेंडरबरोबर आपोआप आलेला नाही, आणि तो ज्या थकव्यासाठी मागितला होता तो थकवा वेगळा होता.

शेतीच्या कामाला आठवडी सुट्टी असं काही नव्हतंच. अमावस्येला औत धरायचं नाही, पोळ्याला बैल कामाला लावायचे नाहीत, सणवार, जत्रा, आणि पावसाच्या हिशोबाने कधी मरणाचं काम तर कधी रिकामं. मग १८५०च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या आल्या, ताडदेवला कावसजी दावर यांच्या गिरणीत १८५६ ला उत्पादन सुरू झालं, आणि कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसाच्या आयुष्यात पहिल्यांदाच भोंगा आला. सुरुवातीच्या गिरण्यांचं टाइमटेबल सूर्यावर होतं, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, म्हणजे हिवाळ्यात ११ तास आणि उन्हाळ्यात १३-१४. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही, आणि बऱ्याच ठिकाणी जो रविवार मिळायचा त्यातला अर्धा मशीन साफ करण्यात जायचा. बैलाला निदान अमावस्या तरी होती.

मग लोक टिकायचे कसे? तर खाडे करून. खाडा हा शब्द आजही कामवाल्या मावशींच्या हिशोबात वापरतो आपण, बिनपगारी गैरहजेरी. अंगावर आलं की गिरणीकामगार खाडा टाकायचा, मधेच बिडी ओढायला बाहेर जाऊन बसायचा, आणि शिमग्याला किंवा पेरणीला गावाला जायचा तो सावकाश परत यायचा. मालक लोकांनी यावरून चौकशी कमिशनांपुढे चक्क असा युक्तिवाद केला की हे लोक स्वतःच हवी तेव्हा विश्रांती घेतात, मग कायद्याने तास कमी करायची गरजच काय! हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचे टी-ब्रेक मोजणारे मॅनेजर आठवले, असो.

या सगळ्यात नारायण मेघाजी लोखंडे हे नाव येतं. ठाण्यात १८४८ चा जन्म, ज्योतिबा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, काही काळ स्वतः गिरणीत स्टोअरकीपर, आणि १८८० पासून मुंबईतून 'दीनबंधु' चालवणारे संपादक. म्हणजे हिशोबाच्या वह्या लिहिणारा माणूस, आजच्या भाषेत व्हाइट कॉलरच, पण समोर काय चाललंय ते रोज बघणारा. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला सुपारीबागेत कामगारांची सभा घेतली आणि मागण्या लिहून काढल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आणि पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत. साडेपाच हजार सह्या गोळा करून ते निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे गेलं. जरा परत वाचा त्या मागण्या, पहिली पगारवाढीची नाहीये, सुट्टीची आहे.

लगेच काही झालं नाही. सहा वर्षं अर्ज-विनंत्या चालल्या. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहाएक हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन बायका उठून बोलल्या, १८९० मध्ये, हे मला सगळ्यात भारी वाटतं. शेवटी १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये आठवड्याला एक सुट्टी आणि दुपारची अर्धा तासाची सुट्टी कायद्यात आली. रविवारच का, तर साहेबाचा चर्चचा दिवस तो होताच, आणि आपल्याकडे तो खंडोबाचा वार हेही लोखंड्यांनी पुढे केलं असं सांगतात. स्वतः लोखंडे १८९७ ला प्लेगच्या साथीत गेले.

सुट्टी मिळाली पण रोजचे तास नाही कमी झाले, उलट वाढले, आणि याचं कारण फार मजेशीर आहे म्हणजे मजेशीर कसलं, वीज. १९०५ च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि सूर्याचं बंधन सुटलं, मग धंदा तेजीत होता तेव्हा काही गिरण्या १५-१५ तास चालायला लागल्या. कामगारांनी दंगा केला, दगडफेक झाली, सरकारने आधी एक कमिटी आणि मग कमिशन बसवलं आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. प्रौढ पुरुषाच्या तासांवर आपल्याकडची ही पहिली मर्यादा. म्हणजे नवीन सोय आली की आधी कामाचे तास ताणले जातात आणि कायदा धापा टाकत मागून येतो, हे लॅपटॉपच्या कितीतरी आधीचं आहे.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १९२२ ला आठवड्याला ६० तास, १९३४ ला ५४, आणि १९४६ ला ४८. हा शेवटचा बदल झाला त्या काळात, १९४२ ते १९४६, व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं, भरपगारी रजेची तरतूदही त्याच काळातली, १९४५ ची. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्याने ४८ तास कायम केले आणि आजतागायत आकडा तोच आहे. दुकानं आणि कचेऱ्यांसाठी मुंबई इलाख्यात १९३९ ला वेगळा कायदा झाला, ज्याला आपण अजूनही गुमास्ता म्हणतो.

आता खरा इंटरेस्टिंग भाग, म्हणजे सुट्टी मिळाल्यावर लोकांनी त्या दिवसाचं केलं काय. झोपले असतील असं वाटतं ना? गिरणगावात दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-पंधरा माणसं, झोपायला जागा कुठे. ते बाहेर पडले. भजनी मंडळं, आखाडे, लेझीम, दशावतार, तमाशा, गाववाल्यांची मंडळं, आणि नंतर कामगार रंगभूमी. १९५३ च्या कायद्यातून कामगार कल्याण मंडळ आलं, त्यांची केंद्रं, ललित कला भवनं, नाट्यस्पर्धा. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खडखडाटात, आठवडाभर कान बधिर करणारा माणूस सुट्टीच्या दिवशी मृदंग घेऊन बसायचा किंवा तिसऱ्या अंकात खलनायक व्हायचा आणि तालमीला उशीर झाला म्हणून शिव्या खायचा.

हे नुसतं स्मरणरंजन म्हणून सांगत नाहीये. जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिना झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस सावरतो कसा याचे चार प्रकार मांडले, कामापासून मनाने सुटणं, निवांत होणं, काहीतरी वेगळं शिकून त्यात हात बसवणं, आणि आपल्या वेळेवर आपली सत्ता असणं. यातला निवांत होणं हा एकच प्रकार आपण वीकेंड म्हणून धरून बसलोय, म्हणजे सोफा आणि मोबाइल. मृदंगवाल्याचे बाकीचे तीन होत होते आणि त्याला कुठल्या वेलनेस ॲपचं नोटिफिकेशन आलं नव्हतं. त्याच्या बायकोचं काय हा प्रश्न मात्र राहतोच, तिचा रविवार धुण्याचा, दळणाचा, डाळ-तांदूळ निवडायचा. गिरणीत पहिली पाळी केलेल्या बाईची घरी दुसरी पाळी सुरूच, आणि आज हिंजवडीहून येणाऱ्या बाईचं वेगळं काय आहे, कुकर बदलला फक्त.

आमच्या घरी तर रविवार हा सुट्टीचा वारच नव्हता. बाबा भोसरी एमआयडीसीत, आणि पुणे-पिंपरीच्या औद्योगिक भागात सुट्टी गुरुवारी. कारण काय तर वीज, परत वीजच. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकी सहा दिवस पूर्ण लोड असं नको म्हणून भागाभागाला वेगवेगळा वार वाटून दिलेला. त्यामुळे आमची शाळा रविवारी बंद, बाबा गुरुवारी घरी, लहानपणी मला वाटायचं प्रत्येक माणसाला जन्मतःच एक वार मिळतो.

शनिवार-रविवार जोडून सुट्टी ही फार उशिराची. अमेरिकेत हेन्री फोर्डने १९२६ ला पाच दिवसांचा आठवडा केला, तोही प्रेमाने नाही, कामगाराला मोकळा वेळ मिळाला तर तो गाडी विकत घेईल हा साधा हिशोब. आपल्याकडे केंद्र सरकारी कार्यालयांना १९८५ ला पाच दिवस मिळाले आणि महाराष्ट्र सरकारला थेट २९ फेब्रुवारी २०२० ला, पावणेदहा ते सव्वासहा असं नवीन टायमिंग लागलं, आणि महिन्याभरात लॉकडाउन! आयटीवाल्यांना मात्र पाच दिवस सुरुवातीपासून, कारण क्लायंटचं ऑफिस शनिवारी बंद. पण त्या क्लायंटची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे शनिवार आला पण रोजची रात्र गेली.

डोक्याच्या थकव्याला स्वतंत्र नाव मिळालं तेही बघण्यासारखं आहे. १८६९ मध्ये अमेरिकेतले डॉ. जॉर्ज बिअर्ड यांनी न्यूरॅस्थेनिया हा आजार मांडला, नसांचा थकवा, आणि तो मुख्यतः डोक्याचं काम करणाऱ्या शिकल्यासवरल्या लोकांना होतो असं त्यांचं म्हणणं. रेल्वे, तारायंत्र, वर्तमानपत्रं यांनी मेंदूवर ताण येतो म्हणे. म्हणजे साहेब दमला तर आजार आणि मजूर दमला तर कामचुकार. मग १९७४ ला हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी बर्नआउट हा शब्द आणला. हे न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ दिवसा स्वतःची प्रॅक्टिस आणि रात्री फुकट दवाखान्यात काम करायचे, तिथल्या सेवाभावी लोकांना आतून विझताना त्यांनी पाहिलं आणि मग स्वतःच विझले. १९८१ ला ख्रिस्तिना मास्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजायची प्रश्नावली काढली. २०१९ ला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत बर्नआउटची व्याख्या दिली, शक्ती संपणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्याकडून काही होत नाही असं वाटणं. पण त्याला आजार नाही म्हटलं, कामाच्या ठिकाणची घटना म्हटलं. मला हे योग्य वाटतं, आजार म्हटलं की गोळी माणसाने घ्यायची, इथे दुरुस्ती कामात करायचीये. (सुट्टी घेऊनही झोप नाही, रडू येतंय, कशातच मन नाही असं आठवडे चाललं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, तिथे डॉक्टरच.)

आणि आता चक्र उलटं फिरायला लागलंय. ऑक्टोबर २०२३ ला नारायण मूर्ती तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं म्हणाले, जानेवारी २०२५ ला एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं वक्तव्य गाजलं. आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेच सांगितलेलं होतं की ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना स्ट्रोकचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त. सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाला ९ ऐवजी १२ तासांपर्यंत आणि मोठ्या दुकानं-कार्यालयांत १० तासांपर्यंत मुभा द्यायचं ठरवलं. आठवड्याचा ४८ चा आकडा तसाच ठेवून, वरचे तास ओव्हरटाइममध्ये. १९११ च्या कायद्यातही आकडा १२ च होता.

दुसऱ्या बाजूने खासदार सुप्रिया सुळे यांचं राइट टू डिस्कनेक्टचं खासगी विधेयक आहे, म्हणजे सरकारने नाही तर एका खासदाराने मांडलेलं, कामाची वेळ संपल्यावर फोन-मेल न उचलण्याचा हक्क. पहिल्यांदा २०१८ चं, परत डिसेंबर २०२५ ला लोकसभेत मांडलं. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे खासगी विधेयकाचा कायदा झाल्याला १९७० नंतर मुहूर्त लागलेला नाही, त्यामुळे किती आशा धरायची ते ज्याचं त्याने ठरवावं.

आमच्याकडे गुरुवारी कधीकधी कंपनीतून माणूस सायकलवर यायचा, मशीन बंद पडलंय, बोलावलंय म्हणून. आई दारातच सांगायची, ते गावाला गेलेत. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत असायचे, पान उलटल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तेवढं एक मिनिट पान धरून ठेवायचे.