पाइनहर्स्ट : ‘गाव’ या शब्दामागचा इतिहास

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या पाइनहर्स्टला 2024 मध्ये पुरुषांची यूएस ओपन गोल्फ स्पर्धा चौथ्यांदा झाली. अशा वेळी ‘गोल्फसाठी वसवलेलं गाव’ हे वर्णन हमखास कानावर येतं. ते बरोबर नाही.

1895 मध्ये सोडा-फाउंटन, म्हणजे सोड्याची पेयं देणारी यंत्रं, बनवणाऱ्या बॉस्टनच्या एका कारखानदाराने इथली पाच हजारांहून जास्त एकर जमीन एकरी डॉलर-सव्वा डॉलरने घेतली, ती आजाऱ्यांसाठी. राळ आणि टर्पेंटाइनसाठी इथले लाँगलीफ पाइन आधी चिरले गेले, मग तोडले गेले. मागे वाळू राहिली, म्हणून भाव एवढा पडलेला. या कोरड्या हवेत क्षयाचे सुरुवातीचे रुग्ण सुधारतील, ही कल्पना. पण क्षय संसर्गजन्य आहे हे ध्यानात आल्यावर थोड्याच काळात क्षयरोग्यांना दार बंद झालं. गोल्फ त्यानंतरचा. पाहुणे कुरणात चेंडू मारत, दुभत्या गाई बुजत, म्हणून 1898 मध्ये नऊ होल्सचं मैदान केलं, असं सांगतात. पुढे 1907 मध्ये ‘नंबर टू’ हे इथलं दुसरं मैदान आलं. त्याची ग्रीन्ससुद्धा, म्हणजे होलभोवतीच्या सपाट जागा, 1930च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाळूचीच होती; उमटलेली पावलं पुसायला त्यावरून गालिच्याचा तुकडा ओढत.

खरा गुंता ‘व्हिलेज’ या शब्दात आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा करणाऱ्याच्या कचेरीने वळणदार रस्ते आणि मधली हिरवळ आखली. न्यू इंग्लंडमधल्या खेड्याचा तो नमुना होता. दिसायला गाव, पण तब्बल 85 वर्षं गावाचा कारभार गावाकडे नव्हता. रस्त्यांपासून पाण्यापर्यंत सगळं कंपनीचं, आधी त्या कारखानदाराच्या कुटुंबाच्या. 1970 सरता सरता त्या कुटुंबाने हे सगळं नव्वद लाख डॉलरहून जास्त किमतीला एका विकासक कंपनीला विकलं. जहाजी कंटेनरचा धंदा उभा करणारा उद्योगपती तिच्यामागे होता. इतक्या लोकांची घरं, रस्ते, शेजार ज्या व्यवहाराने बदलले, त्यात त्यांना मत नव्हतं, ही बाब मला फार गंभीर वाटते. मैदानांच्या कडेने कॉन्डो, म्हणजे विकाऊ फ्लॅट, उभे राहिले, प्लॉट पडले. 1974 मध्ये गोल्फमधल्या दिग्गजांचा गौरव करणारं हॉल ऑफ फेम इथे राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते उघडलं, 1998 मध्ये फ्लोरिडाला गेलं आणि 2024 मध्ये परत आलं. विकासक कंपनी कर्जात बुडाली, 1982 मध्ये मालमत्ता बँकांकडे गेली, दोन वर्षांनी नवा मालक आला.

याच धामधुमीत, 1980 मध्ये, पाइनहर्स्ट कायद्याने ‘व्हिलेज’ झालं. या राज्याच्या कायद्यात सिटी, टाउन आणि व्हिलेज हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत, अधिकारही सारखेच. म्हणजे जुना शब्द ठेवला तो आवडीने. मिळाली ती मात्र नगरपालिका. 1996 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आला. 2010-11 मध्ये नंबर टूवरचं पाणी पिणारं गवत काही एकरांवर उपटून मूळची वाळू आणि रानगवत परत आणलं.

या इतिहासात टेलरटाउन सहसा गळतं. हॉटेलांत राबणारे आणि मैदानावर बॅगा वाहणारे कृष्णवर्णीय कामगार पाइनहर्स्टच्या आखीव रस्त्यांवर नाही, तर शेजारच्या या वस्तीत राहत. पिढ्यान् पिढ्या कॅडी तिथून आले. 1980 मध्ये पाइनहर्स्टची हद्द ठरली तेव्हा टेलरटाउन बाहेरच राहिलं; 1987 मध्ये त्याने स्वतःची वेगळी नगरपालिका केली.