पागोळीचं पाणी कुणाच्या खर्चानं मुरायचं?

पुण्याला दिलेल्या आमच्या भाचीला मिळकतकरात सूट मिळते. गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाचं पाणी जिरवणं यांपैकी एक गोष्ट केली तर ५ टक्के, दोन किंवा तिन्ही केल्या तर १० टक्के. गणपतीला ती बेळगावला आली की हा विषय निघतोच, कारण तिच्या माहेरच्या अंगणात त्या दिवसांत घोटाभर पाणी असतं. भावोजी म्हणतात, "आम्हालाही ५ टक्के मिळतात की!" मिळतात, पण ते एप्रिलमध्ये घरपट्टी भरल्याबद्दल. कर्नाटकातल्या नगरपालिका-महापालिकांत वेळेत भरणाऱ्या कुणालाही ही सूट असते. अंगण मातीचं आहे की फरशीचं, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

घरमालकानं आपल्या आवारात पाऊस अडवला तर त्याला पैसे द्यायचे, ही कल्पना मुळात आली कुठून, आणि आपल्या भागात पैशानं दुसरी वाट का धरली, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात परसापासून करू. आज बेळगावातच मोडणारं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजी अमलात; सीमा तेव्हाही होती म्हणायची. पण परसं दोन्हीकडे सारखीच. पुढं गल्ली, मध्ये कौलारू घर, मागं लांबलचक परस आणि त्यात आड. पागोळ्यांखाली घंगाळं मांडलेली असायची, ती भरली की पाणी मागं वळायचं. आमच्या आजोळी न्हाणीच्या मोरीतून निघालेला चर आधी केळीला, मग अळवाला आणि शेवटी कर्दळीच्या आळ्यात जायचा. आळं वीतभर खोल, कडेला तिरक्या रोवलेल्या विटा. जुलैत त्यात पाणी साचायचं आणि पावसानं उघडीप दिली की दुसऱ्या दिवशी नुसता चिखल उरायचा. आज जगभर ज्याला रेन गार्डन म्हणतात ती या आळ्याची सख्खी बहीण: उथळ खोलगट वाफा, पाण्यात आणि कोरड्यात तग धरणारी झाडं, आणि एक-दोन दिवसांत मुरून जाणारं पाणी. याला कुणी कधी अनुदान मागितलं नाही. आडाला पाणी राहायचं, हाच त्याचा मोबदला.

सार्वजनिक पातळीवरही शहराची भिस्त विहिरींवरच होती. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा पाण्यासाठी टिळकवाडीत मुद्दाम विहीर बांधावी लागली. ती काँग्रेस विहीर अजून तिथं आहे. पुढं राकसकोपच्या आणि नंतर हिडकलच्या धरणाचं पाणी नळानं घरात आलं, तसे आड कचऱ्याचे हौद झाले. नव्वदच्या दशकात टंचाईनं गाठलं तेव्हा जुन्या विहिरी उपसून पुन्हा कामाला लावल्या गेल्या. ही आठवण फार टिकली नाही. २००८ मध्ये काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झालं आणि आडाकडे वाकून बघायचं कारणच उरलं नाही.

परस गेलं ते मात्र नळामुळं नव्हे. वाटण्या झाल्या, मागं खोल्या चढल्या, उरलेल्या तुकड्यावर गाडी उभी करायला पेव्हर आले. बाहेर गल्लीत डांबरावर काँक्रीट चढलं. रस्ता वर आला आणि उंबरा खाली गेला. हिशोब साधा आहे. १,००० चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३६० लिटर पाणी होतं, म्हणजे हजार लिटरच्या दोन टाक्या भरून वर. बेळगाव शहरात वर्षाला १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एकाच छपरावरून वर्षाला लाख-सव्वालाख लिटर. पूर्वी यातलं बरंच पाणी परसात मुरायचं. आता सगळं एकाच तासात गटारात, गटारातून नाल्यात आणि शेवटी बळ्ळारी नाल्यात. पुढं शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात तो नाला पसरतो आणि लावलेलं भात कुजतं. शहरातला घरमालक आणि वडगावचा शेतकरी यांच्यात या पाण्याचा व्यवहार असा चालतो, फक्त त्याचं बिल कुणी कुणाला पाठवत नाही.

हे बिल पाठवायची सुरुवात दुसरीकडे झाली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यू नावाचं गाव आहे. तिथं १९७४ मध्ये पावसाच्या पाण्यासाठी नळपट्टीसारखं स्वतंत्र खातं आणि स्वतंत्र आकार सुरू झाला. जर्मनीत अनेक शहरांनी सांडपाण्याची पट्टीच दोन भागांत तोडली: एक भाग नळाच्या पाण्यावर, दुसरा छप्पर आणि फरशीच्या चौरस मीटरांवर. जेवढी जमीन झाकाल तेवढं भरा, उघडी ठेवाल तेवढं वाचवा. सूट ही कल्पना इथून निघते. आधी आकार असल्याशिवाय सूट कशातून देणार?

रेन गार्डन हे नाव रुळलं ते १९९० च्या सुमाराला, अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात. सॉमरसेट नावाच्या नव्या वसाहतीत गटारं आणि मोठं तळं बांधण्याऐवजी प्रत्येक घराच्या आवारात ३००-४०० चौरस फुटांचा खोलगट वाफा केला गेला. नेहमीच्या पद्धतीला जवळपास ४ लाख डॉलर लागले असते, तिथं काम साधारण १ लाखात झालं. पर्यावरणप्रेम वगैरे नंतर. आधी बिल्डरचे पैसे वाचले.

ओरेगॉनमधल्या पोर्टलंडची अडचण वेगळी होती. तिथं सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळीतून जायचं. जोराचा पाऊस झाला की नळी तुंबून सगळी घाण नदीत. जमिनीखाली प्रचंड बोगदे खोदायचंच होतं, पण नळीत येणारं पाणी कमी झालं तर बोगदाही बेतानं चालेल, हे इंजिनिअर लोकांच्या लक्षात आलं. १९९३ पासून शहरानं घरमालकांना सांगितलं, की छपराचा उतरता पाइप गटारातून काढा आणि हिरवळीवर सोडा, एका पाइपमागं ५३ डॉलर घ्या. २०११ मध्ये कार्यक्रम बंद होईपर्यंत ५६,००० वर पाइप सुटे झाले होते. मला या सगळ्या इतिहासात हा ५३ डॉलरचा आकडा सर्वांत शहाणपणाचा वाटतो. हे अनुदान नव्हतंच म्हणा. शहर घरमालकाकडून गटारातली जागा विकत घेत होतं. पुढं फिलाडेल्फियानं २०११ मध्ये २५ वर्षांचा आराखडा करून हीच वाट धरली.

सगळीकडे टाळ्या पडल्या असं नाही. मेरीलँडनं २०१२ मध्ये मोठ्या काउंट्यांना असा आकार लावायला कायद्यानं भाग पाडलं, तर विरोधकांनी त्याला 'पावसावरचा कर' असं नाव ठेवलं. नाव असं चिकटलं, की २०१४ च्या निवडणुकीत तो मुद्दा गाजला आणि २०१५ मध्ये सक्ती काढून घ्यावी लागली. आपल्याकडे पानाच्या टपरीवर हे नाव पाच मिनिटांत पडलं असतं.

भारतात पैशाऐवजी आधी हुकूम आला. तमिळनाडूनं २००३ मध्ये प्रत्येक इमारतीला पाऊस-संकलन सक्तीचं केलं. कर्नाटकात २००९ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. ठरावीक मापाच्या वरच्या जागांवर हे संकलन बंधनकारक झालं, आणि न करणाऱ्याला पुढं पाणीपट्टीवर २५ टक्के, तीन महिन्यांनी ५० टक्के जादा आकार लागू लागला. बऱ्याच जणांनी गच्चीचा पाइप वळवण्यापेक्षा दंड भरणं पसंत केलं आणि मंडळाच्या तिजोरीत कोट्यवधी जमा झाले. शिवाय या नियमांचा सगळा भर टाकी आणि खड्ड्यावर, म्हणजे पिण्या-वापरण्याच्या पाण्यावर. गल्लीत पाणी तुंबू नये म्हणून अंगण उघडं ठेवणं हा विषयच त्यात दुय्यम. दुष्काळातून जन्मलेला कायदा पुराचा विचार कशाला करेल?

मदत नव्हती असं मात्र नाही, ती शेतात होती. २०१४ मध्ये सुरू झालेल्या कृषी भाग्य योजनेत शेततळ्याला, आपल्याकडे कृषी होंड म्हणतात त्याला, ८० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ९० टक्के अनुदान ठरलं. अथणी-रायबागकडच्या कोरड्या पट्ट्याला ते हवंच होतं. खेड्यात रोजगार हमीतून घरामागं शोषखड्डा होतो, पण तो मोरीच्या पाण्यासाठी. शहरातल्या घरापर्यंत पैसा पोहोचला तो २०१९ च्या ऑगस्टनंतर. त्या पावसात जिल्हाभर घरं पडली. राज्य सरकारनं तातडीची मदत १०,००० रुपये आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये जाहीर केले. पाणी घरात शिरल्यावर मिळणारे पैसे आणि शिरू नये म्हणून द्यायचे पैसे, यांत आपण पहिलेच ओळखतो.

पोर्टलंडची नक्कल इथं जशीच्या तशी चालणार नाही, हेही सांगायला हवं. तिथला पाऊस थंडीत महिनोन्‌महिने रिमझिमतो; आपल्याकडे जून ते सप्टेंबरात सगळं ओतून जातो, आणि पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे तर बोलायलाच नको. टिळकवाडी-हिंदवाडीकडची तांबडी माती पाणी पिते, पण जुलैअखेर विहिरी काठोकाठ भरतात तेव्हा तीही पोटभर पिऊन बसलेली असते. अशा वेळी वाफ्याला उतारावर एक सांडवा हवाच. पूर्वेकडची काळी माती फुगते आणि तोंड मिटून घेते. तिथं वाळू-खडी मिसळून माती बदलल्याशिवाय वाफ्याचं डबकं होईल. डासांची भीती सगळे घालतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, त्यामुळं दोन दिवसांत कोरडा पडणाऱ्या वाफ्यापेक्षा गच्चीवरचा जुना टायर जास्त धोक्याचा.

यंदा मे महिन्यात भावोजींनी गेटजवळच्या पेव्हरच्या तीन ओळी उपटल्या. गवंडी म्हणाला, "बसवायला बोलावतात सगळे, काढायला पहिल्यांदाच आलोय." वीतभर खोल वाफा, तळाला जांभ्याचे तुकडे, वर माती आणि शेणखत, छपराचा पाइप त्यात वळवलेला, आणि गटाराकडच्या कडेला दोन विटांची जागा मोकळी. दोन दिवसांची मजुरी खिशातून गेली. पेव्हर विकून थोडी भरून निघाली. कर्दळीचे कंद आजोळच्या परसातून आले. भाचीनं फोनवरून विचारलं, किती पाणी मुरतं ते मोजणार का? भावोजींनी वाफ्यात लाकडी पट्टी रोवून ठेवली आहे. मिरग अजून लागायचाय.