जुन्या ऑफरोडर गाड्यांचे आरसे एवढे पुढे का असायचे?

जुन्या लँड रोव्हरचा किंवा जपानमधल्या जुन्या लँड क्रूझरचा फोटो बघा, साइड मिरर दारावर नसतोच, पार पुढे मडगार्डवर दांडी लावून उभा केलेला असतो. आणि रिस्टोरेशन करणारे बरेच जण तो सगळ्यात आधी काढून दारावर आणतात, कारण काय तर त्यातून मागचं काही धड दिसत नाही. तक्रार खोटी नाहीये. पण तो तिथे ठेवणारे इंजिनियर काही झोपेत नव्हते.

पहिली गोष्ट म्हणजे या गाड्यांची दारं भरवशाची नव्हतीच. 1941 पासून युद्धासाठी बनलेली विलिस एमबी ही जीप घ्या (फोर्डनेही तीच गाडी जीपीडब्ल्यू नावाने बनवली, दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर), तिला दारंच नाहीत, वर कॅनव्हास आणि विंडशील्ड पुढे बोनेटवर आडवं पाडता येतं. आता आरसा लावायचा कुठे? विंडशील्डच्या फ्रेमला लावला तर काच पाडल्यावर तो काही कामाचा नाही. म्हणून ड्रायव्हरच्या बाजूला, विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्याजवळ, एक दांडी आणि तिच्यावर गोल आरसा. बस. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, गाडी उघडी आहे, मान वळवा आणि बघा.

गोल का, हेही मजेशीर आहे. खडखडाटात आरसा स्वतःभोवती थोडा फिरला तरी गोल काचेत फरक पडत नाही, चौकोनी असता तर वाकडा दिसला असता.

1948 ला लँड रोव्हर आली, तिच्या दाराचा वरचा काचेचा भाग निघतो, अख्खं दार पण निघतं, विंडशील्ड पण आडवं होतं, म्हणजे परत तोच प्रश्न. तिथे आरसा थेट पुढच्या मडगार्डवर गेला. दाराच्या बिजागरीपाशी तो यायला नंतरची मॉडेलं यावी लागली.

आता ‘दिसत नाही’ या तक्रारीकडे येऊ, कारण खरं विज्ञान इथे आहे. सपाट आरसा म्हणजे एक छोटी खिडकी समजा, खिडकीपासून जितकं लांब उभं राहाल तितकं बाहेरचं कमी दिसतं. 15 सेंटीमीटर रुंदीचा सपाट आरसा डोळ्यापासून 60 सेंटीमीटरवर, म्हणजे साधारण दारावर, असेल तर जवळपास 14 अंशांचा पट्टा दिसतो. तोच आरसा डोळ्यापासून दीड मीटरवर, मडगार्डवर नेला की 6 अंशसुद्धा नाही! आणि आरसा तिरका लावलेला असतो म्हणून प्रत्यक्षात अजून थोडं कमीच. त्यामुळे मडगार्डवर सपाट काच लावून वर आरशाला शिव्या घालणं हे मला पटत नाही, काच चुकीची आहे हो, जागा नाही.

तिथे बहिर्गोल काच लागते, फुगीर. एक मीटर वक्रता त्रिज्येची (म्हणजे एक मीटर त्रिज्येच्या गोळ्याचा तुकडा असावा इतकी फुगीर) 15 सेंटीमीटरची काच घेतली तर नुसत्या फुगीरपणामुळे 17 अंशांच्या आसपास जास्तीचे मिळतात आणि यातली गंमत म्हणजे हे जास्तीचे अंश आरसा कितीही लांब असला तरी मिळतातच. म्हणजे मडगार्डवर एकूण 22-23 अंश, दारावरच्या सपाट आरशापेक्षा कितीतरी जास्त. फुकट मात्र काही नाही. त्याच काचेत मागची गाडी सपाट आरशाच्या मानाने जेमतेम पाव आकाराची दिसते (दारावर लावली असती तर निम्म्याच्या जवळ), आणि लहान दिसलं की माणूस लांब समजतो. अमेरिकेत ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाटच हवा आणि दुसऱ्या बाजूला फुगीर लावलात तर त्रिज्या 889 ते 1651 मिलिमीटरच्या मध्ये, शिवाय काचेवर ‘वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ आहे’ असा इशारा, हा नियम याच भीतीपोटी. तिथे ड्रायव्हरच्या बाजूला मडगार्डवर फुगीर आरसा चालला नसताच.

जपानने उलटं केलं. तिथे 1983 पर्यंत मडगार्डवरचेच आरसे सक्तीचे होते, म्हणून त्याआधीच्या जिम्नी, लँड क्रूझर सगळ्यांचे आरसे पुढे दिसतात. आणि त्यात तथ्य आहे. ढोबळ हिशोब करा, दारावरचा लांबच्या (ड्रायव्हरच्या पलीकडच्या) बाजूचा आरसा बघायला नजर 60-65 अंश वळवावी लागते, मडगार्डवरचा असेल तर 35 च्या आसपास, आणि जवळच्या बाजूला तर 15-16 अंशांत काम होतं, म्हणजे रस्ता नजरेतून सुटतच नाही. वर हे आरसे वायपर फिरतो त्या काचेतून दिसतात, दाराच्या काचेवर पाणी असलं, वाफ धरली तरी अडत नाही. आणि बॉडीच्या फार बाहेर येत नसल्याने झुडपांत कमी अडकतात.

मग घोडं अडतं कुठे? थरथर. आरसा एक अंश हलला की परावर्तित किरण दोन अंश हलतो, म्हणजे 30 मीटर मागची गाडी आरशात एक मीटर इकडेतिकडे नाचते. दांडीचं गणित तर अजून वाईट, लांबी दुप्पट केली की तेवढ्याच धक्क्याला ती आठपट वाकते. खाली पातळ पत्रा, त्यावर लांब दांडी, टोकाला जड काच. इंजिन आयडलवर असताना बघा, मागचं सगळं धूसर, गाडी जरा रेसवर घेतली की अचानक स्वच्छ, कारण कंपनाची वारंवारता दांडीच्या स्वतःच्या वारंवारतेपासून दूर गेली. म्हणून ‘जास्त दिसावं’ म्हणून लांब दांडी घेणारे लोक स्वतःच्याच पायावर धोंडा मारतात असं माझं स्पष्ट मत.

दारावर आरसा आणला की थरथर कमी, पण दार काढलं की आरसाही गेला, जीप रँगलरवाल्यांना हे चांगलं माहितीय, दारं काढून फिरायचं तर वेगळे आरसे शोधत बसा. 2021 च्या नव्या ब्रॉन्को या ऑफरोडरमध्ये फोर्डने आरसे दारावरून काढून विंडशील्डच्या बुडाशी बॉडीवरच बसवले, आठ दशकांपूर्वीच्या जीपची जागा जवळजवळ तीच.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर आरशाची मूळ जागा शोधायला मडगार्डच्या वर नाही, खाली हात घाला. कंपनीने भोक पाडलेलं असेल तर बऱ्याचदा आतून जाड पट्टी किंवा मोठा वॉशर सापडतो, नंतर कोणी ड्रिल मारलेलं असेल तर नुसताच पत्रा आणि भोकाभोवती बारीक तडे. लँड रोव्हर असेल तर अजून एक गोष्ट बघा, तिचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि ब्रॅकेट, बोल्ट स्टीलचे, मध्ये पाणी साचलं की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्टच्या कडेला पांढरी पावडर दिसली की समजा सुरू झालंय. खाली रबराचा पॅड, बोल्टला ग्रीस किंवा प्लास्टिकची बुशिंग, आणि काच फुगीरच घ्या.