पार्श्वभूमी: तबकडी ओली करावी की नाही

ग्रामोफोनच्या लाखेच्या तबकडीत खरखर जन्मापासूनच होती. तिच्या मिश्रणात दगडाची भुकटी असे. ती पोलादी सुईला घासून, गाणं कोरलेल्या खाचेच्या मापाची करी, आणि एक बाजू वाजली की सुई बदलावी लागे. अशी तबकडी पुसून कितीशी शांत होणार? १९४८ मध्ये अमेरिकेत व्हिनाइल या प्लास्टिकची एलपी आली, पृष्ठभाग गुळगुळीत झाला आणि त्या शांततेत धूळ ऐकू येऊ लागली. त्यातच व्हिनाइल घासलं की त्यावर स्थिर वीज साचते आणि ती धुळीला ओढून धरते.

शांत वाजवणीचा पहिला मोठा उपाय मात्र अँप्लिफायरमध्ये झाला. १९५४ पासून बहुतेक कंपन्या एकाच आलेखावर येऊ लागल्या: ध्वनिमुद्रण करताना तार स्वर वाढवायचे आणि वाजवताना तेवढेच उतरवायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर खरखरही उतरते. त्याच आलेखात खर्जाकडचे स्वर वाजवताना २० डेसिबलच्या आसपास चढतात, त्यामुळे मोटरची घरघरही चढते. रबरी चाकाने फिरणारे प्लेअर मागे पडून १९६० च्या दशकात बेल्टचे, आणि १९७० च्या सुमारास थेट मोटरवर फिरणारे टर्नटेबल आले. त्यामागे ही घरघर हे एक मोठं कारण होतं.

साफसफाई ओली की कोरडी हा वाद पेटला तो याच काळात, आणि तो अजून विझलेला नाही. युरोपात, विशेषतः जर्मन भाषक भागात, टोनआर्मशेजारी, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याशेजारी, एक दुसरा पोकळ दांडा बसवायची पद्धत रुळली. दांड्यात डिस्टिल्ड वॉटर आणि अल्कोहोल भरायचं. टोकाच्या बारीक ब्रशातून ते सुईच्या पुढे खाचेत झिरपायचं आणि रेकॉर्ड ओलीच वाजायची. स्थिर वीज जायची, टिकटिक जायची, बारीक चरेसुद्धा दबायचे. ऐकणारा खूश होणं साहजिक होतं. सुई आणि खाच कमी झिजते, असंही समर्थक सांगत.

अडचण कळायची ती पुढच्या वेळी. पाणी वाळलं की धूळ आणि सुईने सुटा केलेला मळ खाचेच्या तळाशी चिखलासारखा घट्ट बसायचा. तीच रेकॉर्ड कोरडी लावली की आधीपेक्षा जास्त कडकड करायची, म्हणून मग ती कायम ओलीच वाजवणं भाग पडायचं. युरोपातून जुन्या रेकॉर्ड मागवणारे म्हणूनच आजही विचारून घेतात, ओली वाजवलेली आहे का? यावरून पाण्यालाच बदनाम करणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. दोष पाणी खाचेत वाळू देण्याचा होता.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये निघालेल्या यंत्राने हेच ओळखलं. द्रावण पसरून ब्रशने घासायचं, मग एक बारीक नळी लेबलपासून कडेपर्यंत सरकत ते शोषून घेते. नळीचं तोंड प्लास्टिकला घासू नये म्हणून मध्ये नायलॉनचा दोरा असतो, आणि तो सतत पुढे सरकतो, म्हणजे उचललेला मळ परत लागत नाही. इतकी विचारपूर्वक केलेली दुसरी रचना या क्षेत्रात मला दिसत नाही. अलीकडची, ध्वनिलहरींनी पाण्यात धुणारी अल्ट्रासॉनिक यंत्रं खाचेत खोलवर पोचतात खरी, पण नंतर स्वच्छ पाण्याने खळबळून नीट सुकवलं नाही तर जुनाच घोळ पुन्हा होतो.

आपल्याकडे या वादाला आणखी एक धार आहे. भारतात १९६० च्या दशकातही ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखी तबकड्या निघत होत्या, त्यामुळे नाट्यसंगीताच्या घरगुती संग्रहात लाख आणि व्हिनाइल शेजारी शेजारी असतात. सुतार लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतात. तेच अल्कोहोल तबकडीवर ओतलं तर खाचाच विरघळतात. लाखेला फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि फोटोच्या डार्करूममधल्या, पाणी सारखं पसरवणाऱ्या वेटिंग एजंटचा एखादा थेंब, लेबल कोरडं ठेवून. व्हिनाइलला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा कोरड्या ब्रशने ती नुसती पसरते. तिथे ओलं धुणंच हवं.

प्लेअरच्या जुळवणीतही एक जुना समज चिवट आहे: सुईचा भार कमी तेवढं बरं. सुरुवातीच्या विजेच्या पिकअपचा भार १०० ग्रॅमच्याही वर असे, तेव्हा तो समज योग्यच होता. आजच्या कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या डबीला, साधारण दीड-दोन ग्रॅम लागतात, आणि त्याहून हलकी ठेवलेली सुई खाचेत उसळून भिंती खरवडते. कार्ट्रिजचा कोन जुळवायचं गणित १९३८ मध्ये एका स्वीडिश अभियंत्याने मांडलं; हा कोन मापायचे आजचे प्रोट्रॅक्टर बहुतेक त्यावरच बेतलेले आहेत. कोन चुकला की लेबलजवळच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटतात, आणि तो आवाज मळाचा समजून लोक रेकॉर्ड पुन्हा पुन्हा धूत बसतात. ७८ च्या तबकडीला एलपीची सुई लावली तर ती रुंद खाचेच्या तळाशी, साचलेल्या मळातूनच जाते. त्या तबकड्यांना ७५ मायक्रॉनच्या आसपासची वेगळी सुई लागते, आणि ती आजही नवी मिळते.