नितळ पाण्यातलं उपाशी प्रवाळ

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढवणाऱ्यांमध्ये एक समजूत फार चिवट आहे: नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य आले की पाणी उत्तम. त्यापायी मोठा स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र, बसवतात, फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे फिल्टरमध्ये भरतात, माशांना खाणं घालतानाही हात आखडता घेतात. काही आठवड्यांत पाणी लख्ख नितळ होतं आणि प्रवाळ फिकं पडू लागतं.

प्रवाळाच्या पेशींमध्ये तपकिरी, एकपेशीय शैवालं राहतात. उजेडात ती साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला देतात. त्या शैवालांनाही खत लागतंच. आपल्या शेतकऱ्यांच्या शब्दांत सांगायचं तर नायट्रेट म्हणजे नत्र आणि फॉस्फेट म्हणजे स्फुरद. नुसत्या युरियावर शेत पिकत नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. टाकीतही तेच घडतं.

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडनमान आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली हे प्रयोगाने दाखवलं. नत्र भरपूर पण स्फुरद अपुरं अशा पाण्यात ठेवलेल्या प्रवाळातली शैवालं स्फुरदाअभावी इतकी अडली, की पेशीपटलातल्या स्फुरदयुक्त मेदाच्या जागी ती गंधकयुक्त मेद वापरू लागली. मग उष्णता आणि प्रखर उजेड वाढताच ते प्रवाळ लवकर पांढरं पडलं. मला या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते: नत्राच्या आधिक्यापेक्षा स्फुरदाची उपासमार प्रवाळाला जास्त भोवली.

मग प्रमाण किती ठेवायचं? सागरशास्त्रज्ञ अल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या नावाने ओळखलं जाणारं, समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमधलं (प्लवकांमधलं) प्रमाण १६ नत्राला १ स्फुरद असं आहे. पण ते अणूंच्या संख्येचं. चाचणी संच नायट्रेट आणि फॉस्फेटचं वजन दाखवतो, आणि वजनात तेच प्रमाण साधारण १० ला १ होतं. अनेक जण १६ चा आकडा थेट संचावरच्या आकड्यांना लावतात, तिथेच हिशेब चुकतो. शिवाय प्रमाण जुळलं म्हणजे काम झालं असंही नाही. नायट्रेट ५० आणि फॉस्फेट ५ मिलिग्रॅम प्रतिलिटर हेही १० ला १ च, पण इतक्या फॉस्फेटमध्ये प्रवाळाचा चुनखडी सांगाडा नीट बनत नाही आणि दगडांवर केसाळ शेवाळ माजतं. उलट नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ असलेल्या कितीतरी टाक्या छान चालतात, जरी तिथलं प्रमाण १०० ला १ असलं तरी. म्हणून आकडे तंतोतंत जुळवत बसण्यापेक्षा दोन्हींपैकी एकही तळाला जाऊ न देणं महत्त्वाचं. दोन्ही संपले की पुष्कळदा डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव माजतात: बुडबुडे धरून ठेवणारा तपकिरी, चिकट थर वाळूवर पसरतो आणि मग तो हटता हटत नाही.

फॉस्फेट शून्य दिसलं तर आधी लोहाचे दाणे थोडे थोडे काढा आणि माशांचं खाणं किंचित वाढवा. सुरुवातीला चाचणीत काहीच फरक दिसणार नाही, कारण टाकीतले चुनखडीचे दगड फॉस्फेट आधी स्वतःत मुरवून घेतात. त्या काळात घाईने मात्रा वाढवू नये. पुढे पाण्यातलं फॉस्फेट कमी केलं, की तेच दगड ते परत सोडत राहतात.