ब्रिटिश नागरिकीकरण

जन्माने किंवा वंशाने ब्रिटिश नसलेल्या प्रौढ व्यक्तीला अर्ज करून ब्रिटनचे नागरिकत्व मिळवण्याची कायदेशीर प्रक्रिया. कायद्यात तिचे नाव नॅचरलायझेशन. तिथले मराठी लोक सरसकट ‘सिटिझनशिप’ म्हणतात. तिचा आधार ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा, १९८१ याच्या सहाव्या कलमात आहे. हा कायदा १ जानेवारी १९८३ रोजी अमलात आला. कलमाचे शब्द नीट वाचण्यासारखे आहेत. अटी पूर्ण झाल्याची खात्री पटली, तर गृहमंत्री ‘योग्य वाटल्यास’ प्रमाणपत्र देऊ शकतो. म्हणजे अटी पूर्ण केल्या म्हणून नागरिकत्व हक्काने मागता येत नाही. अर्ज फेटाळला गेला तर अपिलाची सोय नाही. फेरविचाराची विनंती करता येते, किंवा निर्णय बेकायदेशीर रीतीने घेतला गेला असे म्हणून न्यायालयात जाता येते. वर्षानुवर्षे कर भरून, घर घेऊन, मुले तिथल्या शाळेत घालून झालेल्या माणसाला हे कटू वाटते, पण अर्ज भरायला बसण्यापूर्वी ते मनाशी पक्के असावे.

पूर्वपीठिका : १८४४ पूर्वी परक्या माणसाला ब्रिटिश प्रजाजनाचे पूर्ण हक्क हवे असतील तर त्याच्यासाठी संसदेत स्वतंत्र कायदा मंजूर व्हावा लागे. जर्मनीत जन्मलेला संगीतकार हँडेल १७२७ मध्ये अशाच खास कायद्याने ब्रिटिश झाला. १८४४ च्या कायद्याने प्रमाणपत्र देण्याचे काम गृहमंत्र्याकडे आले आणि १८७० च्या कायद्याने पाच वर्षांच्या वास्तव्याची अट घातली, ती आजही टिकून आहे. चारित्र्याची अटही जुनीच. कार्ल मार्क्सने १८७४ मध्ये लंडनहून अर्ज केला, तेव्हा चार प्रतिष्ठित गृहस्थ त्याच्यासाठी जामीन राहावेत तसे उभे राहिले. पण हा माणूस स्वतःच्या राजाशी आणि देशाशीही एकनिष्ठ राहिलेला नाही, असा शेरा पोलिसांनी मारला आणि अर्ज फेटाळला गेला.

भारतीयांचा प्रश्न त्या काळी उद्भवतच नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेला माणूस जन्मतःच ब्रिटिश प्रजाजन असे. कोल्हापूर किंवा सांगलीसारख्या संस्थानांतल्या प्रजेचा दर्जा मात्र केवळ ‘संरक्षित व्यक्ती’चा होता. त्यामुळे १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी आणि १९२२ मध्ये मुंबईत जन्मलेले शापुरजी सकलातवाला ब्रिटिश संसदेत निवडून गेले, तेव्हा दोघांनाही नागरिकत्वासाठी कुठला अर्ज करावा लागला नव्हता. १९४८ च्या कायद्यानंतर भारतीय नागरिकाला वर्षभराच्या वास्तव्यावर नुसत्या नोंदणीने नागरिकत्व मिळू लागले. १९६२ मध्ये ही मुदत पाच वर्षांची झाली. पुढे १९८१ च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या लोकांची ही वेगळी वाट बंद केली आणि त्यांना बाकीच्या परकीयांच्या रांगेत आणून उभे केले.

दिवसांचा हिशेब : आजच्या अर्जाचा कणा म्हणजे दिवसांची मोजणी. अर्जदाराचे वय किमान १८ हवे आणि अर्ज पोचण्याच्या तारखेपासून मागे मोजलेली पाच वर्षे त्याने ब्रिटनमध्ये काढलेली हवीत. त्या पाच वर्षांत देशाबाहेर ४५० पेक्षा जास्त दिवस नकोत आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९० पेक्षा जास्त नकोत. शिवाय कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ज्याला सगळे ‘आयएलआर’ म्हणतात तो, मिळून बारा महिने झालेले हवेत. जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल तर मुदत तीन वर्षांची, बाहेरचे दिवस २७०. शेवटच्या वर्षाचे ९० तसेच राहतात. या वाटेने जाणाऱ्याला आयएलआर मिळाल्यावर वर्षभर थांबावे लागत नाही. म्हणूनच पुष्कळ मराठी जोडप्यांत आधी एकजण नागरिक होतो आणि दुसरा त्याच्या मागोमाग अर्ज करतो.

मोजणीत फक्त पूर्ण दिवस धरतात. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस बाहेरचा धरत नाहीत. १ मार्चला लंडनहून मुंबईला निघालेला आणि २० मार्चला हीथ्रोवर उतरलेला माणूस १८ दिवस बाहेर होता. दिवाळी, भाचीचे लग्न, मे महिन्यात मुलांना आजोळी सोडणे अशा फेऱ्यांनी ४५० चा आकडा सहसा भरत नाही. भरतो तो आजारपणात. वडिलांचे ऑपरेशन झाले आणि मुलगा चार महिने पुण्यात राहिला, तर पाच वर्षांचा हिशेब शाबूत असूनही शेवटच्या वर्षाचा बिघडतो. लॅपटॉप घेऊन नाशिकहून लंडनच्या कंपनीचे काम केलेले दिवसही बाहेरचेच; पगार आणि कर ब्रिटनमध्ये असल्याने त्यांत फरक पडत नाही. थोडे दिवस जास्त झाले तर अधिकारी ते नजरेआड करू शकतात. पाच वर्षांच्या वाटेवर ४८० पर्यंत आणि शेवटच्या वर्षात १०० पर्यंत सहसा अडचण येत नाही. त्यापुढे सबळ कारण आणि पुरावा लागतो. पण बहुतेकांसाठी सरळ उपाय आहे : थांबणे. बारा महिन्यांची चौकट अर्जाच्या तारखेबरोबर पुढे सरकते, त्यामुळे काही महिने थांबले की जुनी फेरी तिच्यातून आपोआप बाहेर पडते. एवढी साधी गोष्ट घाईत सुटते.

आणखी एक खाचखळगा सुरुवातीच्या दिवसाचा. अर्ज पोचला त्याच्या बरोबर पाच वर्षे आधीच्या दिवशी अर्जदार ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष असला पाहिजे. तो दिवस नेमका सुट्टीतल्या गावच्या मुक्कामात आला, तर बाकी सगळे ठीक असूनही अर्ज अडकत असे. २०२२ च्या कायद्याने या बाबतीत सूट देण्याचा अधिकार गृहखात्याला मिळाला आहे. तरीही तारीख आठवडाभर पुढे ढकलणे केव्हाही सोपे. ब्रिटन सोडताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही, म्हणून फेऱ्यांची यादी करताना भारतातले येण्याजाण्याचे शिक्के आणि जुन्या तिकिटांच्या ईमेल हाच आधार. वही असो की एक्सेल, पहिल्या दिवसापासून नोंद ठेवणारा पुढे सुखी होतो.

भाषा, परीक्षा, चारित्र्य : इंग्रजी बोलण्याऐकण्याची पातळी युरोपीय मोजपट्टीतली बी-वन हवी. इंग्रजीभाषक मानलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे मुंबई विद्यापीठाची इंग्रजी माध्यमाची पदवी असली तरी ती ब्रिटिश पदवीच्या तोडीची आहे आणि इंग्रजीतूनच शिकवली गेली, असा एक्टिस या संस्थेचा दाखला जोडावा लागतो. नाहीतर ठरलेली तोंडी परीक्षा द्यावी लागते. आयएलआरच्या वेळी ही अट पूर्ण झाली असेल तर पुन्हा काही करावे लागत नाही.

‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षा नागरिकत्वासाठी नोव्हेंबर २००५ पासून आहे. ४५ मिनिटांत २४ प्रश्न, त्यांतले १८ बरोबर यावे लागतात. फी ५० पौंड. तिच्या पुस्तकात राजेराण्या आणि लढाया खच्चून भरल्या आहेत, पण आपल्या माणसाला थांबवणारे एक पानही आहे : बंगालच्या फौजेतून आलेल्या साके दीन महोमेतने १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर पहिले भारतीय भोजनगृह काढले आणि ब्रिटिशांना चंपी म्हणजे ‘शॅम्पू’ शिकवला. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना भाषा आणि परीक्षा दोन्ही माफ. मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांसाठी ही सवलत मोलाची आहे.

चारित्र्याच्या अटीत गुन्हे येतात तसे कर, दिवाळखोरी आणि पूर्वीच्या व्हिसांतले नियमभंगही येतात. ३१ जुलै २०२३ पासूनच्या अर्जांत बारा महिने किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झालेल्याला सहसा नकार मिळतो, आणि फेब्रुवारी २०२५ पासून बेकायदा मार्गाने देशात आलेल्यांनाही. सामान्य नोकरदाराला यातले काही लागू होत नाही. त्याला धोका असतो तो लपवण्याचा. गाडीच्या वेगाबद्दल न्यायालयात झालेला दंड किंवा भाड्याच्या उत्पन्नावर चुकलेला कर खरा सांगितला तर बहुधा निभावून जातो. लपवला आणि सापडला तर ती फसवणूक ठरते आणि पुढची दहा वर्षे मागे लागते.

नावाचा घोळ हा खास आपला. मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर नवऱ्याचे. माहेरचे आडनाव पदवीवर आणि सासरचे पासपोर्टवर. अर्जात आजवर वापरलेली सगळी नावे द्यावी लागतात. ब्रिटिश प्रमाणपत्रावर नाव जसे छापून येईल तसेच पुढे पासपोर्टवर आणि ओसीआयवर (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देते ते कार्ड) चालणार, म्हणून ते अक्षर न् अक्षर तपासावे.

दोन संदर्भदाते लागतात. दोघेही अर्जदाराला किमान तीन वर्षे ओळखणारे हवेत. एकमेकांचे किंवा अर्जदाराचे नातेवाईक चालत नाहीत. एक जण शिक्षक, डॉक्टर, हिशेबनीस अशा मान्य व्यवसायातला, कुठल्याही देशाचा. दुसरा ब्रिटिश पासपोर्टधारक, व्यावसायिक किंवा २५ वर्षांवरचा. एप्रिल २०२५ च्या दरपत्रकात अर्जाची फी १,६०५ पौंड आणि समारंभाचे १३० पौंड होते. अर्ज फेटाळला गेल्यास समारंभाचे पैसे परत मिळतात, अर्जाचे नाही. ऑनलाइन अर्ज, बोटांचे ठसे आणि फोटो झाल्यावर निर्णयाला साधारण सहा महिने लागतात.

शपथेचा दिवस : मंजुरीचे पत्र आले म्हणजे नागरिकत्व मिळाले असे नाही. निमंत्रण आल्यापासून तीन महिन्यांत स्थानिक कौन्सिलच्या समारंभाला जावे लागते आणि नागरिकत्व तिथे, शपथेनंतर मिळते. ही प्रथा २००२ च्या कायद्याने आली. पहिला समारंभ २६ फेब्रुवारी २००४ रोजी लंडनच्या ब्रेंट टाउन हॉलमध्ये, तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या उपस्थितीत झाला. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची डॉलिस हिलची वास्तू याच ब्रेंट भागात आहे.

सभागृह साधे असते : राजाचे छायाचित्र, युनियन जॅक, खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीवर शपथेचा छापील कागद. कुणी साडीत येते, कुणी कामावरून थेट गणवेशात. देवाच्या नावाने शपथ घ्यायची की देवाचा उल्लेख नसलेली प्रतिज्ञा करायची, हे आधी विचारून घेतात आणि दोन गट आळीपाळीने उभे राहतात. राजे चार्ल्स आणि त्यांचे वारस यांच्याशी निष्ठा, मग देशाचे कायदे, स्वातंत्र्ये आणि लोकशाही मूल्ये पाळण्याचे वचन. वेल्समध्ये हे वेल्श भाषेतही म्हणता येते. नाव पुकारले जाते, हस्तांदोलन होते, प्रमाणपत्र हाती येते आणि शेवटी राष्ट्रगीत. सगळे मिळून तासाभराचे काम. बाहेर पायऱ्यांवर फोटो काढताना कित्येकांचा गळा दाटून येतो, आणि त्यामागे केवळ आनंद नसतो.

भारतीय बाजू : कारण त्याच क्षणी दुसरे काही सुटलेले असते. भारताच्या नागरिकत्व कायदा, १९५५ याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. वेगळा राजीनामा द्यावा लागत नाही. खिशातला भारतीय पासपोर्ट मुदत शिल्लक असूनही निरुपयोगी होतो आणि त्यावर प्रवास करणे गुन्हा ठरते. ब्रिटिश पासपोर्ट यायला काही आठवडे जातात. या मधल्या काळात माणसाकडे प्रवासाचा एकही कागद नसतो. घरी वयस्कर आईवडील असतील तर समारंभाची तारीख हा विचार करूनच निवडावी. नंतर भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचे आणि मग ओसीआय कार्डाचा अर्ज करायचा. ओसीआयने भारतात हवे तितके राहता येते, पण मतदान नाही, निवडणूक नाही.

उलट बाजूने, ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलातला म्हणून तिथल्या संसदेच्या निवडणुकीत आधीपासूनच मत देऊ शकतो. मतासाठी नागरिकत्व घ्यावे लागत नाही. त्यामुळे काही मराठी कुटुंबे आयएलआरवरच थांबतात. त्यांना एक गोष्ट सांभाळावी लागते : सलग दोन वर्षांपेक्षा जास्त ब्रिटनबाहेर राहिल्यास आयएलआर संपतो. आयएलआर मिळण्याचीच मुदत साधारणपणे पाचवरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव सरकारने मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत मांडला. तो लागू झाला की नागरिकत्वही तितकेच लांबते.

गोव्याची वाट निराळी आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेले गोंयकार आणि त्यांची पुढची पिढी लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतात. त्या पासपोर्टवर अनेकजण युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये आले. स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. ब्रेक्झिटनंतर ३० जून २०२१ च्या मुदतीत अर्ज करून ज्यांना सेटल्ड स्टेटस, म्हणजे युरोपीय नागरिकांसाठीचा कायम वास्तव्याचा दर्जा, मिळाले, त्यांना आयएलआरवाल्यांप्रमाणेच नागरिकीकरणाचा अर्ज करता येतो. त्यांचे भारतीय नागरिकत्व मात्र पोर्तुगीज झाले तेव्हाच गेलेले असते.

गावाकडे जमीन असणाऱ्यांनी शेवटची एक बाब पाहावी. ओसीआयधारकाला भारतात फ्लॅट घेता येतो. शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही स्वीकारता येत नाही. वारसाहक्काने आलेली जमीन ठेवता येते, पण ती विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्रात कूळ कायद्याप्रमाणे घेणारा शेतकरी असावा लागतो. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसनोंद राहून गेली असेल, तर फेरफाराचे ते काम शपथेच्या तारखेपूर्वी, भारतीय पासपोर्ट आणि आधार हातात असतानाच उरकून घेणे सोयीचे पडते.